मेरेवर पाय ठेवण्याआधी हाक मारा

मृग बरा लागला. तीन दिवसांत व्हाळ भरला, तरवा अठरा दिवसांचा झाला, वरच्या कुणग्यांत पाणी धरायला घेतलं. नोंदीपुरतं एवढंच. बाकी आज जे लिहितोय ते पीकपाण्याचं वाटणार नाही, पण आहे त्याचंच. व्हाळ भरला त्याच रात्री मेरांवर बॅटऱ्या फिरायला लागल्या. मासे चढणीला लागले की माणसंही लागतात. आणि दिवाळीनंतर गवत सुकलं, पानं गळली, की बॅटरीच्या जोडीला बंदूक येते.

तर प्रश्न असा. आपल्या शेतात मासे धरायला, कुर्ल्या काढायला, नाहीतर डुकरामागे कोणी शिरावं का, आणि शिरायचं असेल तर कोणाला विचारून?

गावात यावर जोरात बोलणारे दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, पाणी देवाचं, रान देवाचं, पूर्वी कोण विचारत होतं? दुसरा म्हणतो, आज एकाला आत घेतलंत की उद्या दहा येतील आणि परवा वहिवाट लागेल, तेव्हा गडगा चढवा, तार मारा, पाटी लावा. हल्ली तिसराही पक्ष निघालाय. तो म्हणतो, शिकार खुली करा, बाहेरचे शिकारी येऊन फुकटात तुमची डुकरं मारतील, तुमचाच फायदा. तिघांशीही माझं भांडण आहे, पण सारखं नाही. ज्याच्याशी जास्त आहे त्याच्यावर जास्त लिहितो.

पहिल्यापासून सुरुवात. "पूर्वी कोण विचारत होतं" हे अर्धंच खरं आहे. पूर्वी विचारायची गरज पडत नव्हती, कारण येणारा कोण ते सगळ्यांना माहीत होतं. खालच्या वाडीतला माणूस पाग घेऊन यायचा, त्याचा स्वतःचा कुणगा माझ्या कुणग्याच्या खाली. माझी मेर फुटली तर पाणी त्याच्याच तरव्यावर जाणार. तो मेरेवरून पाय सांभाळून जायचा, कुठे ढासळलंच तर जाताजाता चिखलाचा गोळा लावून पुढे जायचा. संध्याकाळी दारात दोन मासे पडायचे. तोंडाने विचारलं नाही तरी ती परवानगीच होती, आणि दोन्हीकडून पाळली जात होती. (देशावरच्या वाचकांसाठी: मेर म्हणजे भातखाचराचा बांध. तुमच्या बांधासारखा रुंद नाही, वीतभर माथ्याचा, चिखलाने लिंपलेला. त्याच्यावर नीट चालायलाही सवय लागते.)

आज येतात ते तीस-चाळीस किलोमीटरवरून दुचाक्यांवर येतात. डोक्याला लाइट, एकाच्या हातात बॅटरी-इन्व्हर्टरला जोडलेली काठी, एकजण मोबाइलवर सगळं टिपत असतो. मेर कुठली नि वाट कुठली हे अंधारात त्यांना कळत नाही, आणि कळून घ्यायची गरजही वाटत नाही. हटकलं तर ठरलेलं उत्तर: "तुमका कित्याक इचारूचा? मासो काय तुमच्या बापाशीचो?" मासो माझो नाय हे कबूल. मेर माझी आसा.

फुटलेल्या मेरेची किंमत ज्याने भात लावलंय त्यालाच कळते. लावणीनंतर कुणग्यातलं पाणी एका रात्रीत उतरलं तर तण उठतं. युरियाचा दुसरा हप्ता टाकून दोन दिवस झाले असतील तर तो व्हाळात. वरच्या कुणग्याची मेर फुटली की लोंढा खालच्याला झोपवतो, म्हणजे एका जागेवरचं नुकसान चार जागांवर जातं. कुर्ल्यांचं तर आणखी वेगळं. कुर्ली मेरेतच बीळ करते, आणि ती काढायला लोक कुदळीने मेर खणतात. कुर्ली गेली, भगदाड राहिलं. त्यात आता माणूस मिळत नाही. लिंपायला एक गडी लावायचा म्हणजे त्या दिवसाची मजुरी, चहा, जेवण. एका पिशवीभर कुर्ल्यांना मी केवढा भाव दिला ते काढून बघा.

आता कायद्याचं बघू, कारण "नदी सरकारची" हे वाक्य प्रत्येक वादात येतंच. बरोबर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले, जे कोणा व्यक्तीच्या मालकीचे नाहीत, ते शासनाचे. पण व्हाळाचं पात्र शासनाचं म्हणजे काठावरचा माझा कुणगा शासनाचा झाला का? पात्रातून चालत या, पुलाकडून उतरा, माझं काही म्हणणं नाही. त्याच संहितेच्या कलम १४३ मध्ये दुसऱ्याच्या हद्दीवरून वाट मागता येते, तहसीलदाराकडे अर्ज करून. ती कोणाला? शेतकऱ्याला, स्वतःच्या शेतात जायला. त्यात कसणाऱ्याला स्वतःच्या शेतात जायला वाजवी वाट मिळण्याची गरज बघितलीय. गळ टाकायला जाणाऱ्यासाठी ते कलम नाही.

आणि शेतातलं पाणी? हे मला वाचताना मजेशीर वाटलं होतं. ब्रिटिशांनी १८९७ मध्ये जो मत्स्य कायदा केला त्यात "खाजगी पाणी" या शब्दाची व्याख्या आहे. जे पाणी कोणाच्या एकट्याच्या मालकीचं, किंवा जिथे मासेमारीचा हक्क एकट्याचा, ते खाजगी. आणि खाली एक खुलासा जोडलाय: इतर लोकांना तिथे रिवाजाने मासे धरायचा हक्क असला, तरी तेवढ्याने ते पाणी खाजगी राहायचं थांबत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याला आपल्याकडची स्थिती बरोबर दिसली होती. मालकी एकाची, रिवाज अनेकांचा, आणि दोन्ही एकाच वेळी खरं. पुढे राज्याने स्वतःचा मत्स्य कायदा केला तो भाग निराळा. पण ही समज त्याआधीपासून कागदावर आहे, आणि गावातल्या दोन्ही पक्षांनी ती अर्धी अर्धी वाटून घेतलीय.

त्याच १८९७ च्या कायद्यात पाण्यात स्फोट करून किंवा विष घालून मासे मारण्याला शिक्षा होती. म्हणजे रोग तेव्हाही होता. तेव्हा गेळ्याची फळं ठेचून टाकायचे, आता ब्लीचिंग पावडर टाकतात, नाहीतर फवारणीच्या बाटलीतलं उरलेलं. करंट लावला की लहान-मोठं सगळं वर येतं, उचलायचं ते उचलतात, बाकीचं तसंच वाहून जातं. चढणीचा मासा वर येतो तो अंडी घालायला. मरळ, शिंगटी, खवळे यांचं पिल्लू पाण्याने भरलेल्या कुणग्यात आणि पाणथळीत वाढतं. एक गरी टाकून बसणाऱ्याने व्हाळ रिकामा होत नाही. आडवं जाळं लावून अख्खी वाट बंद केली, किंवा खालून करंट मारत आले, तर पुढल्या वर्षी कोणालाच काही मिळत नाही, "मासा सगळ्यांचा" म्हणणाऱ्यालाही नाही. आपल्यातलेही काहीजण कुणग्यात दाणेदार कीटकनाशक टाकून त्याच दिवशी पाणी व्हाळात सोडतात. त्यांनी बाहेरच्यांना माशांवरून उपदेश करू नये.

देशावरच्या मित्रांचं दुखणं शेततळ्याचं आहे. तिकडे सांगतात, अस्तरीकरण केलेल्या तळ्यात पोरं गळ घेऊन बसतात. ५०० मायक्रॉनचा कागद असला तरी गळ अडकून ओढला की भोक पडतं, आणि तळ्यातलं पाणी कुठून कमी होतंय हे शोधायला पुढे महिना जातो. पण भोकाचं सोडा. कागदाचा उतार ओला झाला की पाय ठरत नाही, पडलेल्याला वर चढता येत नाही. उद्या पोर बुडालं तर सगळे मालकाच्या दारात जमतात. तिथे मी कोणालाही बाजूने बोलायला तयार नाही. अस्तराच्या तळ्याला कुंपण हवंच, चार कोपऱ्यांत दोर आणि रबरी ट्यूब हवीच, आणि मालक हजर नसताना आत कोणी नको. इथे वाद नाही.

आता तार मारणाऱ्यांकडे येतो. यांची भीती एका शब्दात आहे: वहिवाट. आज मासे धरायला येऊ दिलं, वीस वर्षांनी तो म्हणेल माझा हक्क. ही भीती घालणारे वकील नसतात, बहुतेक वेळा चहाच्या टपरीवरचे असतात. सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा आहे. त्यात कलम १५ मध्ये वीस वर्षांची गोष्ट आहे खरी. पण ती वापर कसा हवा? उघड, शांतपणे, खंड न पडता, आणि हक्क म्हणून केलेला. तुमच्या परवानगीने केलेला वापर हक्क म्हणून केलेला धरत नाहीत. दुसरं, सुविधाधिकार हा जमिनीला जमिनीसाठी मिळतो. माझ्या शेताला तुमच्या शेतातून पाण्याची वाट, असा. दुचाकीवरून आलेल्या माणसाला तो चिकटत नाही. गावाचा जुना रिवाज म्हणून काही असेल तर तो सिद्ध करावा लागतो, आणि तो त्या गावच्यांचा असतो. तिसरं, त्याच कायद्यात कलम ५२ मध्ये परवान्याची व्याख्या आहे: मालकाने परवानगी दिली म्हणून जे करता येतं, एरवी करता आलं नसतं, ते. आणि कलम ६० प्रमाणे असा परवाना, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, मालक केव्हाही काढून घेऊ शकतो.

म्हणजे गंमत बघा. ज्याला वहिवाटीची भीती आहे त्याने तर आवर्जून परवानगी द्यावी, आणि ती चार लोकांदेखत द्यावी. न बोलता वर्षानुवर्षं बघत राहणं हेच धोक्याचं. "ये, पण विचारून ये" म्हणणारा स्वतःचा हक्क राखतो. तार मारून मुंबईला जाऊन बसणाऱ्याची तार पहिल्याच पावसात कोणीतरी तोडतं आणि पुढे वीस वर्षं त्याला पत्ता नसतो.

तारेचं दुसरंही एक आहे. ती अडवते कोणाला? लांबून येणारी पोरं पकड घेऊन येतात. अडतो तो शेजारी, भूमिहीन, आणि रायगडाकडे आमच्यापेक्षा जास्त दिसणारा कातकरी. त्यांच्या घरात पावसाळ्यात कालवण शिजतं ते याच कुर्ल्या नि माशांवर. वन हक्क कायदा २००६ मध्ये झाला तेव्हा वनजमिनीवरच्या सामूहिक हक्कांत मासे आणि पाण्यातलं उत्पन्न स्पष्ट लिहिलं गेलं. शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र तितक्याच स्पष्टपणे वगळला. तो कायदा वनजमिनीपुरता आहे, माझ्या सातबाऱ्याला लागू नाही. पण मासा आणि जनावर यांत संसदेने केलेला फरक मला पटतो. माशासाठी दार किलकिलं ठेवायला माझी ना नाही. जो कुणगा माझा म्हणतो त्याच्या आजोबाने यांच्या आजोबाकडून फुकट लावणी करून घेतलेली असते, तेही विसरू नये.

शिकारीकडे येतो. इथे माझी ना आहे, आणि ती का ते लांबवर सांगणार आहे.

डुकरांचा त्रास मला कोणी शिकवू नये. भात ओंबीवर आलं की कळप उतरतो. खातो त्यापेक्षा जास्त लोळवतो. नाचणी, भुईमूग, सुरण, नवीन लावलेली नारळाची रोपं, काही सोडत नाही. भात नसेल तेव्हा गांडुळं आणि कुर्ल्यांसाठी मेरा उकरतो. डुक्कर मारायची परवानगीच नको असं म्हणणाऱ्या शहरी प्राणीमित्राने एक ऑक्टोबर माझ्या माचीवर काढावा. मी डुकराचा वकील नाही.

पण कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२, कलम ९ प्रमाणे शिकारीला बंदी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. कलम ११ मध्ये, उभ्या पिकासकट मालमत्तेला धोका झाला तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं लिहून मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. असं परवानगीने मारलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे शासनाची मालमत्ता. आणि "शिकार" या शब्दात नुसती गोळी येत नाही. फासकी लावणं, सापळा लावणं, हाकारणं, आमिष ठेवणं, सगळं येतं. डुक्कर माझं नाही, मांस माझं नाही. माझं आहे ते नुकसान आणि जमीन. मग त्या जमिनीवर कोण पाय ठेवतो एवढं तरी मी ठरवायचं की नाही?

बाहेरून येणारा शिकारी कधी येतो बघा. भाताला गरज सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा गवत कमरेएवढं, चिखल, पाऊस, डुक्कर दिसत नाही. तेव्हा कोणी येत नाही. तो येतो डिसेंबरनंतर, रान मोकळं झाल्यावर, शनिवारी रात्री. माझं भात तेव्हा कणगीत असतं. मारतो काय? मोठा एकांडा नर, कारण मांस जास्त. पीक लोळवतो तो माद्या-पिल्लांचा कळप, एकेका मादीला एका वेळी चार-सहा पिल्लं. एक नर उचलून त्या कळपाला काय फरक पडतो? वर कुत्री घालून रान हाकललं की कळप माझ्याकडून उठून शेजाऱ्याच्या कलमांत. तेव्हा "तुमचं पीक वाचवतो" हे ऐकलं की मी विचारतो, भाऊ, दसऱ्याला येशील का, माचीवर बसायला? आजवर एकही आला नाही.

आणि बंदुकीपेक्षा वाईट फासकी. दुचाकीच्या क्लचची तार, काजूच्या बुंध्याला बांधलेली, डुकराच्या वाटेवर. लावणारा निघून जातो, आठवड्याने बघायला येतो. मधल्या काळात त्यात माझा कुत्रा अडकतो, शेजाऱ्याचं वासरू अडकतं, आणि बिबट्याही अडकतो. आमच्याकडे बिबटे फासकीत सापडल्याच्या बातम्या नवीन नाहीत. बिबट्या अनुसूची १ मध्ये. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद. वनखात्याची माणसं आली की पहिला प्रश्न काय असतो? जमीन कोणाची. सातबारा काढतात, नाव वाचतात, आणि जबाब द्यायला मला बोलावतात. तार लावणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. गावठी बॉम्बचं तेच. पिठाच्या गोळ्यात भरून ठेवलेला, डुकराने चावावा म्हणून. गाय चावते तेव्हा तिचा जबडा बघवत नाही. ज्यांना वाटतं की शेतात कोण येतंजातं याने मालकाला काय फरक पडतो, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

फौजदारीचंही सांगून ठेवतो, कारण लोक उगाच पोलीस ठाण्यात जाऊन परत येतात. नुसतं शेतात शिरणं हा फौजदारी गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये अतिक्रमणाला हेतू लागतो: गुन्हा करायचा, धमकावायचा, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा. मासे धरायला आलेल्या पोरावर ते बसवणं अवघड, आणि बसवूही नये. फासकी किंवा बंदूक घेऊन आलेल्याचा हेतू मात्र हातातच दिसतो. तक्रारीत ते लिहा, फोटो जोडा, प्रत वनपालाकडे द्या. "अज्ञात इसम शेतात शिरले" एवढ्यावर काही होत नाही.

शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचाही इथे विषय येतो. ठासणीची बंदूक शेती राखायला मिळते, तीसुद्धा स्वतःची शेती. तिचा परवाना म्हणजे दुसऱ्याच्या बागेत रात्री फिरायचा परवाना नव्हे, आणि डुक्कर मारायचाही नव्हे, त्याला कलम ११ ची परवानगी वेगळी. गंमत अशी की निवडणुकीची आचारसंहिता लागली की आमच्यातल्या बहुतेकांच्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. बिनपरवान्याच्या कुठे जमा होणार? त्या काळात रात्री रानात आवाज ऐकू आला तर तो कोणाचा नसेल हे तरी नक्की कळतं.

शिकार खुली करा म्हणणारे बिहारचं उदाहरण देतात. द्यावं, पण पूर्ण द्यावं. केंद्राने तिथल्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित केले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आणलेल्या शिकाऱ्यांनी दोनशेहून जास्त नीलगाई मारल्या. त्यावर केंद्रातल्याच दोन मंत्र्यांचं, मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांचं, जाहीर वाजलं. कोण बरोबर ते सोडा. मुद्दा हा की ते शिकारी बोलावलेले होते. जनावर उपद्रवी ठरलं की जनावराचं संरक्षण जातं, सातबाऱ्यावरचं माझं नाव जात नाही. केरळने २०२२ मध्ये डुकरांबाबत अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे दिला, मारायचं ते परवानाधारक बंदूकवाल्याने, आणि मेलेल्या डुकराची विल्हेवाट लावायची, वाटे घालायचे नाहीत. हे मला पटतं. मांस पुरायचं म्हटल्यावर शनिवार रात्रीचे किती हौशी उरतील ते बघण्यासारखं असेल.

परदेशाचा दाखला देणाऱ्यांनाही एक सांगतो. स्वीडनमध्ये कोणीही कोणाच्याही रानात फिरू शकतो, बेरी वेचू शकतो, तंबू टाकू शकतो, हे खरं. पण त्या फिरण्याच्या हक्कात शिकार येत नाही, आणि काही मोठी तळी व किनारा सोडला तर मासेमारीही नाही. जर्मनीत शिकारीचा हक्क १८४८ च्या उठावानंतर सरदारांकडून जमीनमालकाकडे आला. ज्याची सलग ७५ हेक्टर नाही अशा लहान शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र धरून एक सामाईक शिकारक्षेत्र होतं, ते मंडळ शिकाऱ्याला भाड्याने देतं, आणि डुकराने पिकाचं केलेलं नुकसान भरायची जबाबदारी त्या व्यवस्थेवर असते, व्यवहारात बहुधा भाडेकरू शिकाऱ्याच्या खिशावर. त्यामुळे शिकारी कणसं भरायच्या वेळी शेतात बसतो, हौस म्हणून नव्हे, खिशाला लागतं म्हणून. तिथलं जसंच्या तसं इथे आणा असं मी म्हणत नाही, आमचा कायदा वेगळा, जमिनी गुंठ्यांत. पण जो मजा घेतो त्याने नुकसान भरावं, एवढा साधा हिशेब आपल्याकडे कोणी मांडतही नाही.

एक अडचण मात्र आमच्या कोकणातली खास, आणि तिला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. परवानगी द्यायची कोणी? सातबाऱ्यावर सत्तावीस नावं. त्यातली वीस मुंबईत, चार हयात नाहीत. कसणारा एक. गणपतीला आलेला सहहिस्सेदार मित्रांना सांगून जातो, "जावा रे, आमचीच बाग आसा," आणि जानेवारीत त्याचे मित्र गाडी भरून हजर. हटकलं तर फोन लावून देतात, पलीकडून चुलतभाऊ म्हणतो, "मीच सांगलंय." कायद्याने त्याचंही नाव आहे, मान्य. पण मेर तो लिंपत नाही, जबाबाला तो जात नाही. माझं मत असं की शेतात कोणाला घ्यायचं हे कसणाऱ्याने ठरवावं आणि हिस्सेदारांनी ते घरातल्या घरात एकदा लिहून द्यावं. साध्या कागदावर चालेल. भावाभावांत तेवढं झालं नाही तर बाहेरच्याला काय सांगणार.

आमच्या वाड्यांनी सध्या तोंडी ठरवलंय ते असं. मासे-कुर्ल्यांना गावच्याला बंदी नाही, पण कवाडीपाशी हाक मारायची, नाव सांगायचं, पाग किंवा गरी चालेल, करंट, पावडर आणि व्हाळभर आडवं जाळं चालणार नाही, मेर खणायची नाही, खणली तर लिंपून जायचं. लावणीनंतरचे पंधरा दिवस कुणग्यात कोणीच नाही. बाहेरगावच्याने गावातला माणूस सोबत आणायचा, आणि त्या माणसाने मेरेची जबाबदारी घ्यायची. बंदूक आणि फासकी घेऊन कोणीच नाही, सहहिस्सेदाराचा मित्र असला तरी. डुकरांसाठी कलम ११ चे अर्ज एकेकट्याने न करता सगळ्यांनी एकाच दिवशी करायचे, गट नंबर आणि नुकसानीच्या फोटोसकट, भात पोटरीत येण्याआधी.

हे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडायचं आहे. तीन वाड्या तयार आहेत. चौथ्या वाडीत दोघेजण रात्रीच्या गाड्यांना वाट दाखवायचे पैसे घेतात, त्यामुळे तिथे चर्चा लांबतेय. लावणी उरकली की अर्जाचा मसुदा इथे टाकतो, आपापल्या गट नंबरने भरून घ्या.